पपाचं वायरिंग

मरोळच्या गावठाणात लिओनार्डला नुसतं लिओनार्ड कुणी म्हणत नसे, लिओनार्ड साऊंड म्हणत. उभी हयात त्याने गावातल्या लग्नांना, क्रुसाच्या सणाला आणि चर्चच्या मैदानावरच्या मिस्सांना लाऊडस्पीकर लावले. फादरच्या प्रवचनातला शब्द शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही ऐकू गेला पाहिजे हा त्याचा हट्ट, आणि तो कसा ऐकू जायचा हे येताजाता सगळ्यांना ऐकवायचं ही त्याची खोड. या धंद्याने त्याचा उजवा कान खाल्ला, पण जिभेला धक्का लागला नाही. असा हा बोलका माणूस बायकोला माती देऊन घरी आला आणि त्या दिवसापासून पोटच्या मुलीशी बोलेनासा झाला.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. "चहा ठेव", "चावी कुठाय", "येतो", एवढं तो बोलायचा, तेही भिंतीकडे बघून. शेजाऱ्यांना वाटायचं, ज्युलिया गेली म्हणून बिचारा गप्प झालाय. नादियालाही आधी तसंच वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की पपा ब्रिजेट मावशीशी बोलतो, कुरिअरवाल्याशी बोलतो, गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याशी तर इंग्रजीत बोलतो. फक्त आपल्याशी नाही. का, ते तिला कळेना, आणि विचारायचं तर अंगात त्राण नव्हतं. पपाने पुन्हा आपल्याशी बोलावं, एवढी एकच इच्छा तिच्यात कुठेतरी शिल्लक होती. बाकी सगळं सपाट झालं होतं.

नादिया पस्तिशीची, सहारला कार्गोच्या ऑफिसात सुपरवायझर. मम्मी गेल्यापासून तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. ती वेळेवर उठायची, डबा भरायची, कामावर जायची, कुणी हात हातात घेतला तर घेऊ द्यायची. बोंबील तळायची आणि खायची. ते बोंबील होते की पुठ्ठा, हे तिला सांगता आलं नसतं. रडली नव्हती. मावशी म्हणाली, "रड गं, मोकळी हो," तर ही "हो" म्हणाली आणि भांडी घासायला उठली. दुःखाने माणसाचा दगड होतो असं लोक बोलतात. खोटं आहे. दगड निदान एका जागी पडून राहतो, त्याला कुणी हजेरी लावायला सांगत नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जात नव्हती. मम्मीचा शेवटचा फोन.

ज्युलियाचं हृदय थकलं होतं. शेवटचे महिने पार्ल्याच्या हॉस्पिटलात सारख्या खेपा चालल्या होत्या, पपाच्या जुन्या गाडीतून. गाडी म्हणजे चार दारं, मागे बसकी डिकी आणि कधीकाळी चंदेरी असलेला रंग. तिच्या वयाच्या बाकीच्या गाड्या भंगारात निघाल्या, पण हिला लिओनार्डने जावयासारखं जपलं होतं. तिच्यातला कॅसेटचा डेक तेवढा मेला होता. जाता-येता मम्मीला गाणी लागायची, म्हणून नादियाने पपाला सोबत नेऊन अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानातून फोन जोडता येणारा नवा डेक घेतला. बसवायला दुकानातला माणूस येणार होता. "माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात नको," लिओनार्ड म्हणाला, आणि त्याने तो स्वतः बसवला.

गाणी वाजली. वाजली म्हणजे ढोलक वाजला, व्हायोलिनं वाजली, गाणारी बाई मात्र विहिरीच्या तळाशी बसून गायल्यासारखी लांब. "स्वस्तातला दिसतोय," मम्मी म्हणाली. लिओनार्डने आवाज वाढवला, डावा कान पुढे केला आणि निकाल दिला, "झकास आहे." साऊंडवाल्याने झकास म्हटल्यावर दुसऱ्या कुणी काय बोलायचं? शिवाय त्याच आठवड्यात ज्युलियाला ॲडमिट करावं लागलं, आणि गाणाऱ्या बाईचा विषय मागे पडला.

त्या फोनच्या दिवशी नादिया पेज करून घ्यायला आणि धुतलेले कपडे न्यायला घरी आली होती. परत जाताना हायवेला लागायच्या आधीच गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. रिंग काही ऐकू आली नाही, पण डेकच्या पट्टीवर नाव उमटलं: मम्मी. नादियाने बटण दाबलं.

"हॅलो? बोल मम्मी."

काही नाही.

"मम्मी? हॅलो? काय झालं?"

पट्टीवर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे फोन चालू होता. पण पलीकडून श्वासाचाही आवाज नाही. मागचा बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. "मम्मी, पोचतेच मी," नादिया म्हणाली आणि तिने फोन बंद केला. ती पोचली तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

शेवटी शेवटी बोलायला दम पुरत नाही, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. त्यावरून नादियाने स्वतःची समजूत घातली की मम्मीने नंबर लावला, पण तिच्याच्याने बोलवलं नाही. पपा पलंगाशी बसलेला होता, त्याला विचारता आलं असतं. पण त्या दिवशी विचारायची वेळ नव्हती, आणि नंतर तो बोलेना.

घरी आणल्यावर मयत तयार करायला गावातल्या बायका जमल्या. हे काम बायकांचं. पुरुष बाहेर पडवीत बसतात आणि आतल्या गोष्टीत लक्ष घालत नाहीत. ब्रिजेट मावशीने दारातून विचारलं, "लिओ, काय घालायचं तिला?" लिओनार्ड मान वर न करता म्हणाला, "नादियाला ठाऊक आहे. ज्युलियाने सांगितलंय तिला."

नादियाने हे ऐकलं. मम्मीने कधी काय सांगितलं होतं ते तिला आठवेना, पण त्या दिवशी तिला स्वतःची जन्मतारीखही आठवली नसती. तिने कपाट उघडलं. समोरच लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी शिवलेला क्रीम रंगाचा ड्रेस प्लास्टिकच्या पिशवीत जपून टांगलेला होता. हाच असणार, असं धरून तिने तो काढून दिला. शवपेटी बाहेर आणली तेव्हा लिओनार्डने एकदा आत पाहिलं, मग नादियाकडे पाहिलं, आणि गल्लीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. तेव्हापासूनचा हा अबोला.

महिन्याची मिस्सा झाली. जेवणासाठी चुलतभाऊ ॲश्टनकडून मोठे टोप आणले होते, ते कलिन्याला परत करायचे होते. नादिया टोप मागच्या सीटवर रचून निघाली. अर्ध्या वाटेत पट्टीवर नाव उमटलं: ॲश्टन. तिने बटण दाबलं.

"बोल रे."

काही नाही.

"ॲश्टन? हॅलो? हॅलो?"

एक रिक्षा आडवी आली, तिला तिने एक सणसणीत शिवी हासडली आणि फोन बंद केला. कलिन्याला पोचली तर ॲश्टन दारातच कंबरेवर हात ठेवून उभा.

"बहिरी झालीस काय गं? एवढा बोंबललो मी, झाकणं राहिली, झाकणं राहिली! टोप आणलेस, झाकणं कुठायत?"

"तुझा आवाजच नाय आला."

"मला तर तुझा झकास येत होता. हॅलो हॅलो केलंस, मग रिक्षावाल्याचा उद्धार केलास, तोपण ऐकला. आई ऐकत होती यार, स्पीकरवर होता फोन."

नादिया टोप हातात घेऊन उभी राहिली. "परत सांग."

"काय, शिवी?"

"तुला माझा आवाज येत होता. आणि तू बोलत होतास."

"मग काय, टाळ्या वाजवत होतो?"

 हातातला टोप जड लागायला लागला. मम्मी गप्प नव्हती. मम्मी बोलत असणार. गाडीत स्टिअरिंग धरून बसलेल्या आपल्याला ती काहीतरी सांगत होती, आणि आपण "पोचतेच मी" म्हणून तिला बंद केलं.

पपाला लगेच जाऊन विचारावं असं तिला वाटलं. पण महिनाभर न बोलणाऱ्या माणसापुढे नुसता संशय घेऊन उभं राहण्यात अर्थ नव्हता. आधी डेकचं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग विचारायचं, असं तिने ठरवलं.

रविवारी लिओनार्ड दुसऱ्या मिस्सेला जायचा आणि तिथूनच कबरीवर, त्यामुळे दुपारशिवाय परत यायचा नाही. तो गेल्यावर नादियाने त्याच्या डब्यातून कटर, स्क्रू ड्रायव्हर आणि टेप काढली, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, आणि डेकच्या खोक्यात घडी करून ठेवलेला तारांचा नकाशा घेऊन गाडीत जाऊन बसली. लहानपणी मांडवात पपाला बॅटरी धरायला तीच उभी असायची. तारांना हात मात्र त्याने कधी लावू दिला नाही. पोरीने शॉक खायचा नाही, हा त्याचा नियम. पोरीने तिथे उभं राहून मच्छर खाल्ले तर चालायचे.

डेकच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्यावर तो पुढे आला, आणि त्याच्यामागून तारांचा झुबका. नकाशा समोर धरून ती एकेक तार बघत गेली. पिवळी कधी झोपत नाही, गाडी बंद असली तरी तिच्यात करंट, म्हणून घड्याळ चालू राहतं. लाल चावी फिरवल्यावर जागी होते. काळी गाडीच्या बॉडीला पक्की केलेली, ती अर्थिंग. तिन्ही बरोबर होत्या. पपाचे जोड नीटनेटके, प्रत्येक टेपचं टोक वर दोऱ्याने बांधलेलं, उन्हात सुटू नये म्हणून.

मग स्पीकरच्या तारा. नकाशात प्रत्येक स्पीकरला दोन होत्या, एक साधी आणि एक काळ्या पट्ट्याची; आवाज एकीतून जातो आणि दुसरीतून परत येतो. मागच्या काचेखालच्या फळीवर पपाने दोन स्पीकर बसवले होते, तेव्हा मागून चार तारा यायला हव्यात. तिने मोजल्या. तीनच होत्या.

चौथी कुठे गेली ते तिला कळायला वेळ लागला नाही, कारण ही पपाची जुनी रीत होती. मांडवात तो तार वाचवायचा. जाताना दोन स्पीकरांना दोन तारा, परतीला दोघांत मिळून एकच. गाडीतही त्याने तेच केलं होतं, आणि ती परतीची तार बॉडीला जोडली होती. जुन्या डेकला ते चालायचं, वर्षानुवर्षं चाललं. पण नवा डेक घेताना दुकानदाराने बजावलं होतं, नादिया बाजूलाच उभी होती: "अंकल, स्पीकर का निगेटिव्ह बॉडी को मत लगाना, डेक उड़ जाएगा. दोनों का अलग रखना." लिओनार्डने मान डोलावली होती. त्याचा कोणता कान दुकानदाराकडे होता, ते आता तिला कळलं. त्याने परतीची तार बॉडीवरून सोडवली होती आणि तिच्या टोकाला टेप लावली होती. डेकच्या पट्ट्याच्या दोन तारा उरल्या, त्यांनाही टेप लावली होती, दोऱ्यासकट. अर्धी सूचना त्याने काटेकोर पाळली होती. उरलेली अर्धी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

पण मग आवाज येतो तरी कसा? तिने घड्याळाचा सेल घेतला आणि त्याची दोन टोकं परतीच्या तारेला आणि डाव्या तारेला टेकवली. मागे डावा स्पीकर टक् वाजला. परतीची आणि उजवी, तर उजवा टक्. मग परतीची सोडून दिली आणि सेल नुसता डाव्या-उजव्या तारांना टेकवला. दोन्ही स्पीकर एकदम टक् वाजले.

तिने सेल मांडीवर ठेवला. आवाजाला परत यायला स्वतःची वाट नव्हती, म्हणून तो एका स्पीकरात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडत होता. डेक दोन्ही टोकांनी ढकलत होता. दोन माणसांनी एकच दार दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने ढकललं तर ते हलत नाही. जे डावीकडे वेगळं आणि उजवीकडे वेगळं होतं, तेवढंच वाजत होतं: एकीकडचा ढोलक, दुसरीकडची व्हायोलिनं. जे दोन्हीकडे सारखं होतं, ते पुसलं जात होतं. गाणारी बाई मध्ये असते, दोन्हीकडे सारखी. आणि फोनवरच्या माणसाचा आवाज तर दोन्हीकडे अगदी एकच असतो.

मम्मीचा आवाज या डेकपर्यंत आला होता. नादियाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर आला होता, आणि तिथे पुसला गेला.

यानंतर तिने ते दुरुस्त का केलं, असं कुणी विचारलं तर तिला उत्तर देता आलं नसतं. हात चालू होते, म्हणून केलं. गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तार आणली, दाराकडेचं कार्पेट उचलून ती मागपर्यंत नेली, डिकीत शिरून परतीची तार दोन स्पीकरांमध्ये जिथे फुटत होती तिथे कापली. डाव्याला जुनी, उजव्याला नवी. पुढे दोन्ही डेकला जोडल्या, पट्टा पट्ट्याला, साधी साधीला. जुनी टेप आणि दोरे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग ॲश्टनला फोन लावला.

"झाकणं कधी आणतेस?" ॲश्टन गाडीभर म्हणाला.

"आणते," ती म्हणाली.

लिओनार्ड परत आला तेव्हा जेवण मांडलेलं होतं. कोळंबीचं कालवण, भात. तो जेवायला बसला, भिंतीकडे बघून. नादियाने त्याला वाढलं आणि समोर उभी राहिली.

"पपा, मम्मी मला फोनवर काय बोलली?"

लिओनार्डचा हात ताटातच थांबला. त्याने डावा कान तिच्याकडे केला, नीट ऐकलं का याची खात्री करायला.

"मला विचारतेस? मला?"

"हो."

"तुला सांगितलं तिने. दोनदा सांगितलं, माझ्यासमोर, फोन स्पीकरवर टाकून. 'नादू, मला लुगडं नेसव, लाल चौकड्याचं, ट्रंकेत हाय. तो ड्रेस नको मला. माझ्या आईला लुगड्यात पुरली, मलापण तसंच पाठव.' तुझं हॅलो हॅलो चाललं होतं तेव्हा ती दम गोळा करत होती, मग एकेक शब्दाला थांबत बोलली. आणि तू काय बोललीस? 'पोचतेच मी.'" तो आता तिच्याकडे बघत होता, महिन्यात पहिल्यांदा. "मी तिला म्हटलं, ऐकलं का तिने? तर म्हणाली, 'ऐकलं. ती करेल.' आणि डोळे मिटले. तुझ्या भरवशावर निवांत गेली ती. आणि तू तिला ड्रेस घातलास."

नादिया समोरच्या खुर्चीत बसली. 

"मला ऐकू आलं नाय, पपा."

"ऐकू मला येत नाय. तुझे दोन्ही कान शाबूत आहेत."

"गाडीत आवाज येत नव्हता. डेकमधून."

"रेंज होती. तुझा आवाज आम्हाला खणखणीत येत होता."

"माझा जात होता. तिचा येत नव्हता."

"हे बघ," लिओनार्डने ताट सरकवलं. "तुला लुगडं कधी आवडलं नाय. कॉलेजच्या फंक्शनला तूच तिला म्हणालीस, मम्मी ड्रेस घाल. बिचारीने दारातून परत येऊन बदललं. मी काय बोललो तेव्हा? काय नाय. पण मेलेल्या माणसाला तरी..."  तो उठला, हात धुतले, फोन घेतला. "चल. जा गाडीत बस. मी वरून लावतो फोन. आवाज येतो की नाय ते बघू. डेक मी बसवलाय."

ती उठली आणि बाहेरच्या लाकडी जिन्यावरून खाली निघाली. आवाज येणार होता. तिने स्वतःच्या हाताने सकाळी त्याची सोय करून ठेवली होती, आणि आपल्या बाजूचा एकमेव पुरावा कचऱ्यात टाकला होता. तरी सांगता आलं असतं. पपा, परतीची तार तू सुटी ठेवली होतीस, दोघांची एकच. एवढं एक वाक्य पुरे होतं. नकाशा लागला नसता, सेल लागला नसता. दुसऱ्या कुणाला तासभर समजवावं लागलं असतं, लिओनार्ड साऊंडला एका क्षणात कळलं असतं. ज्याने गावातल्या एका म्हातारीलाही फादरच्या एका शब्दाला मुकू दिलं नाही, त्याला कळलं असतं की आपल्या बायकोचे शेवटचे शब्द आपणच टेप लावून, वर दोरा बांधून, बंद केले. नादिया सुटली असती. आणि तो जिवंतपणी मेला असता.

ती गाडीत बसली, दार लावून घेतलं, चावी फिरवली. वर गॅलरीत लिओनार्ड कठड्याला टेकून पाठमोरा उभा होता, फोन डाव्या कानाला. पट्टीवर नाव उमटलं: पपा. रिंगही वाजली, दोन्ही स्पीकरांतून, मोठ्याने.

"हॅलो," पपाचा आवाज आला. भरदार, अगदी कानाशी.

"येतोय," नादिया म्हणाली.

"येतोय ना?"

"हो."

 त्याने फोन ठेवला नाही. समोरासमोर नव्हते म्हणून असेल, पण पुढे बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "एक विचारतो. खरं सांग, मी काय करणार आहे आता? तुला लाज वाटली ना गं? लोक काय म्हणतील, पोर कार्गोत सुपरवायझर, आणि आई लुगड्यात पुरली."

नादियाने काचेतून वर पाहिलं. म्हाताऱ्याचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. महिनाभरात तो किती वाळला होता, ते तिला आता दिसलं, आणि ते दिसताच छातीत इतकं दुखलं की तिने स्टिअरिंग धरलं.

"हो, पपा," ती म्हणाली. "वाटली लाज."

वरून श्वास सोडल्याचा आवाज आला. तोही नीट ऐकू आला.

"बरं," लिओनार्ड म्हणाला. "बरं झालं बोललीस. मला वाटायचं, तू तिचं म्हणणं कानावरच घेतलं नाहीस. ते मला सहन होत नव्हतं. लाज मी समजतो. मलापण वाटायची, माझ्या आयची, तुझ्या वयाचा होतो तेव्हा." तो थांबला. "आपण फादरना विचारू. लुगडं मिस्सेला वेदीपुढे ठेवू, आशीर्वाद घेऊ. मम्मी समजून घेईल. तिने तुला कधी नाय समजून घेतलं?"

"हो, पपा."

"जेवलीस का तू?"

"नाय."

"मग ये वर. मीपण अर्ध्यावर उठलोय." तो कठड्यावरून वळला, खाली तिच्याकडे बघत. जुना, येताजाता ऐकवणारा लिओनार्ड आवाजात परत येत होता. "आणि काय गं, आवाज नाय येत, नाय येत म्हणत होतीस. मस्त येतोय की, घंटेसारखा. फोनचं सेटिंग-बिटिंग असेल तुझ्या."

"सेटिंगच असेल."

"तरी म्हटलं," लिओनार्ड म्हणाला. "वायरिंग मी केलंय. त्यात काय बिघडणार?"

"काही नाय, पपा," नादिया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. हुंदके आवरेनात, ती मोठमोठ्याने रडत राहिली, गाडीच्या बंद काचांच्या आत.

"रड पोरी, रड," पपा म्हणाला. "मी ऐकतोय."